हॉस्पिसियो आणि नवं जिल्हा इस्पितळ एकच का? मडगावात नवीन आहोत, जरा सांगा

सत्तरीकर:
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे वाळपईकडचे, मिस्टरांचं काम वेर्ण्याला लागलं म्हणून चतुर्थी झाल्यावर नावेलीत भाड्याने राहायला आलोय. घरात सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, बीपी आणि शुगर दोन्ही, वर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि मुलगा चार वर्षांचा म्हणजे सर्दीताप ठरलेलाच. वाळपईला सामुदायिक आरोग्य केंद्र जवळ होतं, तिथली माणसं नावाने ओळखायची, काही विचारायची वेळच यायची नाही.

इथे ज्याला विचारू तो वेगळंच सांगतो. घरमालकीण म्हणते हॉस्पिसियोत न्या, शेजारचे काका म्हणतात हॉस्पिसियो आता कुठे राहिलं, ते जिल्हा इस्पितळ झालं, आणि सासूबाईंचं एकच, "कितेंय जालें तरी म्हाका बांबोळेंच व्हर". आता साध्या तपासणीला दर वेळी बांबोळीचं मेडिकल कॉलेजचं इस्पितळ गाठायचं म्हणजे मिस्टरांची एक रजा गेलीच. तर हॉस्पिसियो आणि नवं जिल्हा इस्पितळ एकच का वेगळं, तिथे नेमकं काय काय होतं, कशासाठी जावं कशासाठी जाऊ नये, आणि जमलं तर हे हॉस्पिसियो कधीचं, कोणी काढलं तेही सांगा, कारण पाद्रे मिरांडा रस्त्यावरून जाताना मिस्टर म्हणाले की ह्याच पाद्रीने ते सुरू केलं, पण पुढे त्यांनाही माहीत नाही.

फातोर्डा_कॉर्नर:
एकच. जुनं हॉस्पिसियो उठून नव्या इमारतीत गेलं, तेच दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ. पण मडगावकरांच्या तोंडात अजून हॉस्पिसियोच आहे त्यामुळे रिक्षावाल्याला "नवं जिल्हा इस्पितळ" असं स्पष्ट सांगा नाहीतर जुन्या गेटसमोर उतरवेल आणि वर भाड्यावरून वाद.

जुनं_ते_सोनं:
इतिहास विचारलात म्हणून बसलोच लिहायला, कंटाळा आला तर खाली सरका.

मिस्टर बरोबर सांगतात. हॉस्पिसियो १८६७ चं, पाद्रे आंतोनियो जुआंव मिरांडा यांनी सुरू केलेलं, त्यांच्याच नावाचा तो रस्ता. तेव्हा ती आजच्यासारखी सरकारी सोय नव्हती, धर्मादाय काम होतं, ज्याला घर नाही दार नाही, आजारी पडला तर पाणी द्यायला माणूस नाही त्याच्यासाठी. म्हापशाचं आझिलो इस्पितळही त्याच वळणाचं. पुढे दोन्ही सरकारकडे आली, एक दक्षिणेचं जिल्हा इस्पितळ झालं एक उत्तरेचं, आणि आता दोन्ही आपापल्या जुन्या वास्तू सोडून नव्या इमारतींत गेलीत, आझिलो म्हापशातच पेड्याला आधी गेलं, हॉस्पिसियो नंतर.

पण गोव्यातली इस्पितळं त्याच्या कितीतरी आधीची. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि लगेच जुन्या गोव्यात आपल्या शिपायांसाठी इस्पितळ काढलं, राजाचं इस्पितळ म्हणायचे त्याला. १६०८ च्या सुमारास पिरार द लाव्हाल नावाचा एक फ्रेंच माणूस, मालदीवजवळ जहाज बुडून तिथे काही वर्षं अडकलेला, तो आजारी अवस्थेत गोव्यात आला आणि त्याला ह्या इस्पितळात टाकलं. त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचून आपण आज कुठल्या जगात राहतो असं वाटतं. बाहेरून बघितल्यावर त्याला तो राजवाडाच वाटला, आत गेल्यावर अंगावरचे कपडे काढून धुतलेले स्वच्छ कपडे, टोपी, पायात सपाता, उशाशी पंखा आणि पिण्याच्या पाण्याचं भांडं, आणि जेवण चांदीच्या भांड्यांतून. जगात असं इस्पितळ नाही म्हणाला तो.

आता त्यातली मेख बघा. हे सगळं गोऱ्या शिपायासाठी. इथल्या माणसाला त्या दारातून आत घेत नव्हते, गरीब ख्रिस्तावांसाठी मिझेरिकोर्दिया ह्या धर्मादाय संस्थेची वेगळी सोय होती, बाकीचे आपले वैद्य, झाडपाला आणि देव. आणि त्या चांदीच्या भांड्यांचंही फार दिवस टिकलं नाही. चाळीसेक वर्षांनी टॅव्हर्नियर हा दुसरा फ्रेंच आला, हिरे बघत फिरणारा, त्याने लिहिलंय की एकेकाळी नावाजलेलं हे इस्पितळ आता पार घसरलंय, आत जाणारे बरेच जण उभे बाहेर पडत नाहीत. म्हणजे सरकारी इस्पितळ पूर्वी कसं छान होतं आता बघा काय झालं, हे वाक्य गोव्यात निदान पावणेचारशे वर्षं जुनं आहे.

मग शहरात साथी पसरल्या, लोक जुनं गोवें सोडून निघाले, इस्पितळही पणेलीला आलं आणि शेवटी पणजीत. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, एस्कोला मेडिको सिरुर्जिका, आशियातल्या पाश्चात्य वैद्यकाच्या जुन्यात जुन्या शाळांत तिचं नाव घेतात. तिथून शिकलेले गोंयकार डॉक्टर नुसते इथेच राहिले नाहीत, अंगोला, मोझांबिकपर्यंत नोकऱ्या केल्या. बाणावलीचे फ्रोइलानो द मेलो ह्याच शाळेचे संचालक, जंतुशास्त्रातलं मोठं नाव, पणजीचे नगराध्यक्षही होते. मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्या शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, तेच आपलं गोमेकॉ. कितीतरी वर्षं ते पणजीत मांडवीकाठीच होतं, इफ्फीला सिनेमा बघायला आपण ज्या जुन्या जीएमसीच्या आवारात जातो तिथेच वॉर्ड होते हो, आमची एक आत्या तिथेच बाळंत झाली. नंतर सगळं बांबोळीच्या पठारावर नेलं.

ह्यावरून तुमच्या सासूबाईंचं कोडंही सुटतं बघा. पणजीचं ते शिकलेल्या डॉक्टरांचं, राजाच्या इस्पितळाचा वारसा सांगणारं, आणि हॉस्पिसियो, आझिलो ही निराधारांची. जुन्या काळी बरं घर असेल तर डॉक्टर घरी यायचा, इस्पितळात जाणं म्हणजे मागे कोणी नाही असा अर्थ निघायचा. आता मडगावात सगळ्या प्रकारचे डॉक्टर बसतात तरी बांबोळी म्हणजे खरं इस्पितळ आणि बाकी सगळं मधला थांबा, हे डोक्यातून जात नाही.

फातोर्डा_कॉर्नर:
सर तुमची पोस्ट वाचेपर्यंत माझी ओपीडी बंद झाली 😄 पण चांदीच्या भांड्यांचं भारीच.

निवृत्त_सिस्टर:
सत्तरीकर बाय, मी सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून निवृत्त झाले, कुठून ते राहू दे, पण दोन्हीकडची तऱ्हा बघितलेली आहे म्हणून सांगते.

आधी हे लक्षात घे की प्रत्येक गोष्टीला जिल्हा इस्पितळसुद्धा लागत नाही. तू वाळपईला जे करत होतीस ते इथेही तसंच करायचं, तुमच्या भागाचं आरोग्य केंद्र शोधायचं आणि सासूबाईंचं नाव तिथे घालून ठेवायचं, बीपी शुगरच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, पोराचे डोस हे सगळं तिथलं काम. पोरगं चारचं आहे ना, पाच पूर्ण झाल्यावर त्याचा एक बूस्टर असतो तो विसरू नकोस, घर बदललं की हेच राहून जातं, वाळपईचं लसीकरणाचं कार्ड नीट ठेव.

जिल्हा इस्पितळात जायचं ते स्पेशालिस्ट लागला की. मेडिसीन, सर्जरी, हाडांचा, बायकांचा, मुलांचा, डोळे, कान नाक घसा, त्वचा, दात, मानसिक आजार, ह्या सगळ्याच्या ओपीडी तिथे आहेत, बाळंतपण होतं, डायलिसिस आहे, ब्लड बँक आहे, कॅज्युअल्टी चोवीस तास. तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू तर अगदी तिथलाच विषय, त्यासाठी बांबोळीला जाऊन तिथली रांग वाढवायची काही गरज नाही. मेंदूचं ऑपरेशन, हृदयाचं ऑपरेशन, मोठा अपघात, भाजलेलं, असलं काही असेल तर बांबोळी, आणि ते ठरवायचं डॉक्टरने, आपण नाही.

आता जायचं कसं ते ऐक, कारण लोक चिडतात ते उपचारावर कमी आणि ह्या गोष्टींवर जास्त. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग ओपीडी सुरू व्हायच्या कितीतरी आधी लागलेली असते. सासूबाईंचे जुने कागद सगळे घे, आणि कृपा करून कॅसिनोच्या नाहीतर साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबून नको आणूस, एका फाइलला तारखेप्रमाणे लाव, सगळ्यात नवा कागद वर. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं तशीच आण. "सकाळची पांढरी आणि रात्रीची अर्धी गुलाबी" ह्यावरून कोणीही डॉक्टर काही ओळखू शकत नाही, आणि आमच्या समोर रोज हेच चालायचं. आणि मागे डिस्चार्ज घेतला असेल तर ते कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, लोक बिल जपून ठेवतात आणि कार्ड हरवतात.

दीनदयाळ कार्ड, म्हणजे सरकारच्या आरोग्य विम्याचं, आहे ना तुमच्याकडे? नसेल तर करून घ्या, गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांना मिळतं, २०१६ पासून आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत. मुदत संपली की रिन्यू करावं लागतं आणि तेच नेमकं राहतं, मग ऑपरेशनची तारीख आल्यावर धावपळ.

आगशीचा_भाऊ:
सिस्टरचा मान राखून सांगतो पण हे सगळं कागदावर. आमचा अनुभव वेगळा आहे. दोनेक वर्षांपूर्वी वडिलांना रात्री पोटात जबरदस्त दुखायला लागलं, आम्ही जवळ म्हणून दक्षिणेतल्याच एका सरकारी इस्पितळात नेलं, तिथे कॅज्युअल्टीतल्या पोरग्या डॉक्टरने पोट दाबून बघितलं, एक इंजेक्शन दिलं आणि बांबोळीला न्या म्हणाला. बस. मग आधीच बांबोळीला नेलं असतं तर तास वाचला असता की नाही? रेफर रेफर रेफर, हेच चालतं. आणि मी झुआरी पुलाच्या तोंडावर राहतो, नवा पूल व्हायच्या आधी कुठ्ठाळीला जी कोंडी व्हायची ती आम्ही रोज बघितलीय, ॲम्ब्युलन्स सायरन लावून जागच्या जागी उभी, आतला माणूस जगतोय का मरतोय कोणाला माहीत. २०२२ च्या डिसेंबरात नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली आणि पुढच्या वर्षी दुसरी तेव्हा कुठे ते थांबलं. म्हणून मी तर म्हणतो गाडी असेल तर सरळ बांबोळी, मधे थांबूच नका.

पेडणेकर_आपलो:
निदान तुमच्याकडे इमारतीत माणसं तरी आहेत. आमच्या पेडण्यात तुयेला इस्पितळाची नवी इमारत उभी करून ठेवली, गोमेकॉशी जोडा जोडा म्हणून लोक रस्त्यावर उतरले, आणि आम्ही इतकी वर्षं म्हापसा नाहीतर बांबोळीच करतोय. धारगळला आयुर्वेदाचं मोठं इस्पितळ आलं २०२२ मध्ये, ते छानच आहे, पण छातीत दुखलं तर तिथे जाऊन काय करू.

निवृत्त_सिस्टर:
आगशीच्या भावा, तुझं बरोबर नाही असं मी म्हणणार नाही, विनाकारण रेफर होतात, मी स्वतः डोळ्यांनी बघितलेत, रात्री सिनिअर घरी आणि पोरगा डॉक्टर एकटा, तो जोखीम कशाला घेईल. पण "मधे थांबूच नका" हा सल्ला इथे लिहू नको, कोणीतरी वाचून तसंच करेल.

तू म्हणतोस तास गेला. त्या तासात काय होतं ते बघ. शिरेत सुई लागते, सलाईन चालू होतं, बीपी पडत असेल तर सांभाळलं जातं, रक्त वाहत असेल तर दाबून बांधलं जातं, आणि मग माणूस ऑक्सिजन असलेल्या गाडीतून, बरोबर माणूस घेऊन, हातात चिठ्ठी घेऊन जातो. स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा टाकून नेलेला माणूस वाटेत वेर्ण्याच्या चढावर बेशुद्ध पडला तर ड्रायव्हिंग करणारा मुलगा काय करणार? १०८ गोव्यात २००८ पासून आहे, फुकट आहे, आता तर गल्लीबोळात शिरायला बाइकवालेही आहेत, तरी आपली माणसं आधी शेजाऱ्याची गाडी शोधतात.

आणि हार्टचं तर मुद्दाम सांगते कारण सत्तरीकर बायच्या घरात शुगरचं माणूस आहे. पूर्वी छातीत दुखायला लागलं की खरोखर बांबोळीशिवाय गत नव्हती आणि काणकोणहून तिथे पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. २०१८ च्या डिसेंबरपासून आपल्याकडे स्टेमी म्हणून योजना आहे. आरोग्य केंद्रात नाहीतर जिल्हा इस्पितळात गेलीस की छातीवर त्या वायरी चिकटवून ईसीजी काढतात, तो कागद हातात यायच्या आधी तिकडे हृदयाच्या डॉक्टरकडे कॉम्प्युटरवर पोचलेला असतो, तो बघून काही मिनिटांत सांगतो की हा अटॅक आहे का नाही. असेल तर तिथल्या तिथे रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, बाहेर ते हजारोंच्या घरात जातं, इथे सरकार फुकट देतं, आणि मग गाडीत घालून बांबोळीला पाठवतात, पुढची अँजिओग्राफी वगैरे तिथे. म्हणजे औषध माणसाकडे येतं आधी, माणूस औषधाकडे नंतर. हे इंजेक्शन दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तीन तासांत मिळालं तर त्याचा खरा उपयोग, जितका उशीर तितकं हृदयाचं मांस मरतं. आता सांग, कुडचड्याच्या माणसाने मधे न थांबता सरळ बांबोळी गाठायची का?

आणि बाय, शुगरवाल्यांना छातीत तसं दुखतच नाही कधी कधी, हे नीट वाच. नुसता घाम फुटतो, जीव घाबरा होतो, पित्त झालं असं वाटतं, जबडा नाहीतर पाठ भरून येते, बायकांमध्ये तर असं जास्तच. कोकम कढी पाजून झोपवू नको, ईसीजी काढून आण.

आगशीचा_भाऊ:
स्टेमीचं मान्य. पण पोटाचं काय? त्याला नाही ना तसलं काही. हार्टला जे केलं ते बाकीच्याला का नाही करत हाच तर माझा मुद्दा.

निवृत्त_सिस्टर:
तो मुद्दा बरोबर आहे. रात्रीचा सर्जन जागेवर पाहिजे, त्याला दुसरं उत्तर नाही.

वेर्णा_शिफ्ट_बी:
सत्तरीकर, एक गोष्ट कोणी सांगितली नाही. तुमचे मिस्टर वेर्ण्याला कंपनीत आहेत ना, पगार महिन्याला २१ हजाराच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत असतील, पगाराच्या चिठ्ठीवर बघा. तसं असेल तर मडगावातच ईएसआय इस्पितळ आहे, तुम्ही, पोरगा, आणि सासूबाई त्यांच्यावर अवलंबून असतील तर त्याही, सगळ्यांचं नाव घालता येतं. बऱ्याच जणांचं दर महिन्याला कापलं जातं आणि घरच्यांची नावंच घातलेली नसतात, मग वेळ आली की एचआरच्या दारात. २०२० च्या एप्रिलात गोव्यातलं पहिलं कोविड इस्पितळ म्हणून हेच घेतलं होतं.

जुनं_ते_सोनं:
वेर्णावाल्यांनी कोविडचं काढलं म्हणून आठवलं, नव्या जिल्हा इस्पितळाची सुरुवातही कोविडनेच झाली की. इमारतीचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं, दर निवडणुकीला उद्घाटनाची नवी तारीख, मडगावात तो चेष्टेचा विषय झाला होता. मग २०२० च्या सप्टेंबरात ईएसआय भरून वाहायला लागलं तेव्हा ही इमारत घाईघाईत कोविडसाठी उघडली, आणि हॉस्पिसियो मग मागून हळूहळू तिथे सरकलं. साथ नसती आली तर अजून फीत कापायची बाकी असती असं माझं मत, कोणाला राग आला तर येऊ दे. आणि बांबोळीचंही मोठेपण मी सांगितलं म्हणून दुसरी बाजूही सांगतो, २०२१ च्या मेमध्ये तिथे ऑक्सिजनच्या दाबाचं जे झालं, पहाटे दोन ते सहाच्या वेळात माणसं जात होती, प्रकरण हायकोर्टात गेलं. सगळा गोवा एकाच इस्पितळात लोटला की काय होतं ते तेव्हा दिसलं. नुसत्या साथीतच नाही, एरवीही तिथे आपल्याबरोबर सिंधुदुर्ग कारवारकडची माणसं येतात, २०१८ पासून बाहेरच्यांना शुल्क लावलं तरी येतात, येणारच, त्यांना तेच जवळ.

फातोर्डा_कॉर्नर:
शुल्कावरून इथे परत भांडण नको प्लीज, मागच्या धाग्याचं काय झालं आठवतंय ना.

सत्तरीकर:
बापरे, मी दोन ओळींचं उत्तर मिळेल म्हणून विचारलं होतं. सगळ्यांचे खरंच आभार. मिस्टरांच्या पगारातून ईएसआय कापत नाहीत, पगार थोडा वर जातो, पण दीनदयाळ आहे, काढून बघितलं तर मुदत संपायला आलीय, ते आधी करते. सासूबाईंना चांदीच्या ताटाची गोष्ट वाचून दाखवली, त्या म्हणाल्या आता फक्त पेज बरी मिळाली तरी पुरे.

सिस्टर, मोतीबिंदूसाठी नेमकं काय काय करतात, किती खेपा होतील? आणि शुगर कधी दोनशे कधी अडीचशे असते, ते चालतं का? त्यांना इंजेक्शनची फार भीती आहे, डोळ्यात सुई म्हटल्यावर तर विषयच संपला.

निवृत्त_सिस्टर:
अडीचशे शुगर घेऊन गेलीस तर डोळ्याचा डॉक्टर तारीख देणार नाही, आधी मेडिसीन ओपीडीला पाठवेल, म्हणून हीच खेप वाचव. ह्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात नेऊन उपाशीपोटी आणि जेवणानंतरची अशी दोन्ही शुगर करून घे, गोळ्यांचा डोस बदलायला लागला तर बदलतील, आणि आकडा खाली येऊन टिकला की मग डोळ्यांच्या ओपीडीला जा. शुगर चढलेली असताना ऑपरेशन केलं तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतू धरायची भीती, ते उगाच अडवत नाहीत.

ओपीडीत पहिल्या दिवशी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा बघतात, शुगरवाल्यांचा पडदा बघणं फार महत्त्वाचं, कधी कधी दिसत नाही ते मोतीबिंदूमुळे नसतंच. त्या थेंबांनंतर काही तास सगळं धूसर दिसतं, म्हणून त्यांना एकटीला बसमध्ये चढवून देऊ नकोस. मग रक्ताच्या तपासण्या, बीपी, ईसीजी, आणि कुठल्या नंबरची लेन्स घालायची त्यासाठी डोळ्याचं मोजमाप. ते झालं की तारीख. बीपी शुगरच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या का नाही, काही खाऊन यायचं का, हे तारीख देतानाच विचारून कागदावर लिहून घे, प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजारणीचं ऐकू नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांग.

ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत आटपतं, पूर्ण भूल देत नाहीत. सुईचं म्हणशील तर आता बऱ्याच वेळा नुसत्या थेंबांनी बधिर करून होतं, काहींना डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन लागतं, त्यातलं कुठलं ते डॉक्टर ठरवतो, पण तू आधीपासून सुई सुई म्हणून घाबरवू नकोस. खरी परीक्षा घरी आल्यावर. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, काही दिवस चुलीच्या धुरापासून लांब, आणि थेंब अगदी घड्याळ लावून, आधी दिवसातून पुष्कळ वेळा, मग हळूहळू कमी. थेंब घालणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवायचे. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला नाहीतर दिसायचं एकदम कमी झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टीला न्यायचं, रात्र असली तरी.

वाळपईचे डोळ्यांचे जुने कागद असतील तर तेही फाइलला लाव.